बठ्ठं सोडी दे

हिंद नगर, कोरिया
८ नोव्हेंबर १९५३

वहिनी,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. इथल्या जमिनीवर खरोखर ठेवलं असतं तर थंडीने तिथेच चिकटून बसलं असतं.

दिवाळी झाली. लाडू मिळाले, पण ते वळले होते एका मद्रासी स्वयंपाक्याने, दातांची परीक्षाच होती. मी बरा आहे. काळजी करू नकोस, इस्पितळातला ऑर्डर्ली काही बंदूक चालवत नाही. पट्ट्या बांधतो, सुया टोचतो, भांडी उचलतो. लढाई थांबलेलीच आहे. कैद्यांचा निकाल लागेपर्यंत त्यांना सांभाळायचं, एवढंच आपल्या लोकांचं काम. तारेपलीकडे हजारो चिनी आहेत.

त्यांच्यात एक म्हातारा आहे. आम्ही त्याला आबा म्हणतो. आम्ही आलो तेव्हा छातीच्या रोगाने तो पार दुमडला होता. खोकला की फडकं लाल व्हायचं. आज चाळीस दिवसांनी बघशील तर ताठ चालतो, दोन वाट्या भात खातो. करतो काय माहीत आहे? रोज सकाळी तंबूबाहेर उभा राहून हात हलवतो. तू भिंत सारवतेस तसे, पण त्याहून कितीतरी सावकाश. त्याला ताय ची म्हणतात. नुसतं एका जागी उभं राहून श्वास घ्यायचा, ते ची कुंग. कलकत्त्याचा एक दुभाष्या आहे, तो म्हणाला, ‘ची’ म्हणजे श्वास, जीव. मी विचारलं, ची? कोणाची? तो हसला नाही. त्याला मराठी कुठे येतं!

म्हातारा शिकवताना एकच शब्द म्हणतो, ‘सोंग, सोंग.’ माझ्यासोबत चोपड्याचा भाईदास होता. आम्हा दोघांना हसू आवरेना. म्हटलं, एवढं दुखणं काढलं आणि म्हणतो सोंग! दुभाष्याने सांगितलं, त्यांच्यात सोंग म्हणजे सैल सोड, अंग धरून ठेवू नको.

मीही शिकतो आहे. झोप गाढ लागते, आणि बर्फावरून चालताना पाय घसरत नाही. भाऊंचा खोकला गेला का? त्यांना विचार, जीवराम पहिलवान, तुम्ही जन्मात कधी काही सावकाश केलंय का म्हणावं.

तुझा निंबा


धुळे
२८ नोव्हेंबर १९५३

निंबा,

सुखी राहा, आणि कानटोपी घालत जा. मी या घरात आले तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि तुझं नाक माझ्या पदराला पुसायचास. म्हणून अजून सांगते.

खोकला गेला का, विचारतोस. गेला नाही रे, घर करून बसला. आठ-दहा दिवसांपूर्वी कापसाच्या जिनात रुईचा गठ्ठा उचलताना तुझ्या भावाला ढास लागली आणि पांढऱ्या रुईवर रक्त पडलं. लोकांनी घरी आणून सोडलं. दवाखान्यात छातीचा फोटो काढला. क्षय आहे. तुझ्यापासून लपवू कशाला, तू त्याच कामातला. नव्वद सुया सांगितल्यात, रोज एक, आणि गोळ्या. आज नववी झाली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, बरं वाटलं तरी एकही चुकवायची नाही.

पांझरेकाठच्या तालमीत ज्यांच्या दंडावर पोरं लोंबकळायची, ते दंडावर सुई घेताना तोंड भिंतीकडे करतात. सुईला भीत नाहीत. कोणी बघेल याला भितात. ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण ओसरीत. लताला जवळ घ्यायचं नाही. सहा वर्षांची पोर, दाराशी उभी राहून मला विचारते, दादा माझ्यावर रागावलेत का?

तुझं पत्र त्यांनी तीनदा वाचलं. म्हाताऱ्याचा भाग किती वेळा वाचला ते मोजलं नाही. सोंग वाचून मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, त्याला लिही, कसं करायचं ते कळव. तर नीट सविस्तर लिही, आणि अक्षर जरा माणसासारखं काढ. कोंबडी चालून गेल्यासारखं नको.

तुझी वहिनी


हिंद नगर
१६ डिसेंबर १९५३

वहिनी,

पत्र वाचलं. दिवसभर हातून सांडलवंड होत होती. उपचार सुरू झालेत हाच काय तो धीर.

आता हे भाऊंना वाचून दाखव. पाय खांद्यांएवढे फाकवून उभं राहायचं. गुडघे किंचित वाकवायचे, कुस्तीच्या पवित्र्याइतके नाही, चालत्या बैलगाडीत उभं राहतो तेवढे. श्वास नाकाने घ्यायचा आणि बेंबीखाली जाऊ द्यायचा. कोंडायचा मुळीच नाही. हात पाण्यावर तरंगत वर येतात असे उचलायचे आणि तसेच खाली न्यायचे. मग वजन या पायावरून त्या पायावर, डोक्यावरची घागर हिंदकळू न देता. दमलं की बसायचं. जोर काढायचा नाही.

भाऊंना अवघड जाईल ते वेगळंच आहे. तालमीत ते धरायला शिकले, दम धरायचा, पकड धरायची. इथे उलटं. खांद्यात धरलंय ते सोड, जबड्यात धरलंय ते सोड, पोटात धरलंय तेही सोड. म्हातारा दिवसभर हेच सांगतो. पुस्तकी मराठीत भाऊंना पटायचं नाही, म्हणून आपल्या बोलीत लिहितो: बठ्ठं सोडी दे. सगळं सोडून दे. बाकी विसरले तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा म्हणावं.

शेवटी एक हात आहे, सगळं मिटवून घ्यायचा. तो कागदावर उतरत नाही. चारदा लिहिला नि खोडला. आलो की दाखवतो.

निंबा


धुळे
२४ जानेवारी १९५४

निंबा,

तुला आशीर्वाद, आणि त्या तुझ्या म्हाताऱ्यालाही.

पहिल्या दिवशी तुझे भाऊ अंगणात असे उभे राहिले की शेजारच्या भिकुबाईला वाटलं अंगात आलं. ती नारळ घेऊन आली! मी म्हटलं, अगं बाई, देव नाही, चीन आलाय. पंधरा दिवसांत गल्लीला सवय झाली. आता हिलाल वस्ताद रोज बघायला येतात. आधी मिशीतल्या मिशीत हसायचे. परवा स्वतःच हात वर करून उभे राहिले आणि म्हणाले, जीवराम, हे बैठका मारण्याहून कठीण आहे.

खोटं कशाला सांगू, फरक दिसतो. रात्री झोपतात. भाकरी मागून घेतात. आधी ताटातलं मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घ्यायचे, आता गप्प जेवतात. दंडावरच्या सुयांच्या गाठी पार जिरल्या. परवा तर पांझरेपर्यंत चालत जाऊन आले. तुझा शेवटचा हात येत नाही, तिथे थांबतात आणि म्हणतात, हा निंबाचा.

आमच्यात एक पैज लागली आहे. ते म्हणतात, बठ्ठं म्हणजे बठ्ठं. मी म्हणते, बठ्ठं म्हणजे अंगाचं, बाकीचं नाही. निवाडा तू कर. मला नीट लिही रे, बठ्ठं म्हणजे काय काय? पोरखेळ समजू नकोस. जास्त लिहीत नाही, ते शेजारी बसलेत आणि पोस्टात तेच टाकणार आहेत.

वहिनी


मद्रास
९ मार्च १९५४

वहिनी,

काल बोटीवरून उतरलो. तुझं पत्र कोरियात चुकलं आणि इथे येऊन मला गाठलं. भाऊ पांझरेपर्यंत चालले हे वाचून भाईदासला उचलून गरगर फिरवला. तो शिव्या देत होता.

पैजेचा निकाल: भाऊ जिंकले, तू हरलीस. बठ्ठं म्हणजे बठ्ठं, वहिनी! काहीही धरून ठेवायचं नाही. अर्धवट सोडलं तर सोडल्यासारखं होत नाही, म्हातारा हेच म्हणायचा. आता तू भाऊंना पुरणपोळी करून घाल.

इथून आग्र्याला जातो. आखाजीच्या सणाला सुट्टी मिळेल असं दिसतंय.

निंबा


धुळे
११ एप्रिल १९५४

निंबा,

तुझा निवाडा पोचला. त्यांनी तो तालमीत नेऊन सगळ्यांना वाचून दाखवला. पुरणपोळी केली.

ऊन फार आहे. संध्याकाळी अंग तापतं, ते म्हणतात उन्हाने. लता आता त्यांच्याजवळच झोपते. आखाजीला नक्की ये. जमलं तर आधी ये.

वहिनी


आग्रा
३० मे १९५४

वहिनी,

परत रुजू होऊन आठ दिवस झाले. रोज कागद घेतो आणि ठेवून देतो.

आखाजीला यायचं म्हणून लतासाठी काचेच्या बांगड्या घेऊन निघालो होतो. भाऊंसाठी गरम सदरा घेतला होता, धुळ्यात वैशाखात गरम सदरा कशाला, याचाही विचार केला नाही. गाडीतून उतरलो तर स्टेशनवर हिलाल वस्ताद उभे. माझ्याकडे न बघता माझी ट्रंक उचलून चालू लागले. मी समजलो. आदल्या दिवशी गेले होते भाऊ. मला राख भरायला बोलावल्यासारखं झालं.

तेरा दिवस मी घरात होतो आणि तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. पुढ्यात ताट ठेवायचीस आणि आत जायचीस. लोकांना वाटलं दुःखाने. पण लताशी बोलत होतीस, भिकुबाईशी बोलत होतीस. मीच काय केलं? हात करून त्यांना बरं वाटत होतं, तूच लिहिलंस. मग एकाएकी असं कसं झालं? नव्वद सुया पुऱ्या झालेल्या माणसाचं असं होत नाही. मी इथल्या डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, पुऱ्या झाल्या होत्या का, ते आधी बघ.

वहिनी, पुऱ्या झाल्या होत्या ना?

निंबा


पिंप्राळा
१६ जून १९५४

निंबा,

मी लताला घेऊन माहेरी आले आहे. भावाची केळी आहे, त्या बागेतल्या खोलीत राहते.

पंचेचाळीस झाल्या होत्या. निम्म्या.

तुझं ते कसं-करायचं पत्र ३ जानेवारीला आलं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात निघायची तयारी केली तर हे म्हणाले, आते जानं नही. निंबानी लिखेल शे, बठ्ठं सोडी दे. मी म्हटलं, अहो, ते खांद्याचं लिहिलंय, सुईचं नाही. तर म्हणाले, तो दवाखान्यात नौकरी करस, तुले जास्ती समजस का? त्या म्हाताऱ्यानं कुठे सुया घेतल्या? आणि गोळ्यांची बाटली नेऊन पांझरेत सोडून आले. तुला कळवायचं नाही म्हणून लताच्या गळ्याची शपथ घातली. मी आई आहे रे, ती शपथ कशी मोडू?

म्हणून मी पैजेचं सोंग काढलं. पैज-बिज काही नव्हती. पत्र ते वाचून मगच पोस्टात टाकायचे. त्यांच्या डोळ्यांदेखत तुला विचारायचा तेवढाच रस्ता होता. गाठी जिरल्या असंही मुद्दाम लिहिलं. म्हटलं, रोज सुया टोचणारा माणूस आहे, दिवस मोजेल. नव्वद दिवस कधी भरतात आणि गाठी कधी जिरल्या, एवढं त्याला कळेल. तू भाईदासला गरगर फिरवलंस.

त्या निवाड्यानंतर माझं तोंड बंद झालं. मी काही बोलले की ते तुझं मद्रासचं पत्र काढायचे, सरकारी हुकूम दाखवावा तसं. त्यात त्यांना लताला जवळ घ्यायचं होतं. औषध थांबलं म्हणजे रोग थांबला, असं त्यांनी मनाशी धरलं. ज्या दिवशी सुया सोडल्या त्याच रात्री तिला कुशीत घेऊन झोपले. पोर इतकी हसली, इतकी हसली की माझ्याने काढून घेववेना. हा माझा गुन्हा, तो मी तुझ्यावर टाकत नाही.

चैत्रात ताप आला. तरी हात करायचे. गल्लीला दिसावं म्हणून अंगणात ताठ उभे राहायचे आणि आत येऊन कोसळायचे. शेवटच्या दिवशीही उभे राहिले. हात वर नेला, तो खाली आणता आला नाही, तोंडातून रक्त आलं ते थांबलंच नाही. लोक म्हणतात सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. श्वासाचंही येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी हातांना दोष देत नाही. त्यांनी त्यांना झोप दिली, भूक दिली, चार महिने माणसात ठेवलं. पण राग आला नाही असं लिहिणार नाही. तुझा राग आला. तेरा दिवस बोलले असते तर तोंडातून असं काही गेलं असतं की तू पुन्हा या दारात पाय ठेवला नसतास. म्हणून गप्प राहिले.

आता एकच सांग, आणि खरं सांग. तो म्हातारा नुसत्या हातांवर बरा झाला का?

वहिनी


आग्रा
२५ जून १९५४

वहिनी,

नाही.

त्याला रोज सकाळी सुई मीच टोचत होतो. भाऊंना दिली तीच. हात करून झाले की तो बाही वर करून माझ्यासमोर बसायचा. बेचाळीस सुया माझ्या हाताने दिल्या, नंतर दुसऱ्याने दिल्या. मी तुला हात लिहिले, श्वास लिहिला, ‘सोंग’ लिहून हसवलं, आणि सुई लिहिली नाही. लपवली नाही गं. ती माझं रोजचं काम होती. भांडी उचलली, पट्ट्या बांधल्या, सुया टोचल्या, त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं. तू भाकरी केलीस हे तू मला कधी पत्रात लिहितेस का?

आणि बठ्ठं. दुसऱ्या कुठल्याही शब्दात लिहिता आलं असतं. भाऊंना पटावं म्हणून मी घरचा शब्द शोधला, आणि त्यांना तो पटला.

दिवस मोजले नाहीत. इतरांचे तक्ते मी रोज भरतो, कोणाची सुई चुकली की लाल शाईने खूण करतो. माझ्या भावाच्या पत्रात ती खूण तू मला करून दिली होतीस, आणि मी विनोद केला. तू रागव. जन्मभर बोलली नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. पण आता मी जे लिहितो ते कर, मग बोलू नकोस.

तुझा आणि लताचा छातीचा फोटो काढून घे. जळगावला जा, उद्याच जा. भाऊंच्या उशापायथ्याशी तू सहा महिने होतीस. काही निघालं तर उपचार घे, आणि हे भिंतीवर लावून ठेव: खांदे सोड. जबडा सोड. लोकलाज सोड. माझ्यावरची माया सोडलीस तरी चालेल. सुई सोडायची नाही. गोळी सोडायची नाही. बरं वाटलं तरी सोडायची नाही, फार बरं वाटलं तर मुळीच सोडायची नाही. कोणी सांगितलं तरी नाही, मी सांगितलं तरी नाही.

मी हात करायचे थांबवले आहेत. उभा राहतो, पण हात वर जात नाहीत.

पत्र पोचल्याचं लगेच कळव.

निंबा


पिंप्राळा
१२ ऑगस्ट १९५४

निंबा,

उशीर झाला. फोटो काढले. लताचा स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी दोनदा बघितला, मी तिसऱ्यांदा बघायला लावला. देवाची कृपा म्हण नाहीतर त्या पोरीचं नशीब.

माझ्यात निघालं. डाव्या बाजूला, रुपयाएवढं. त्या संध्याकाळी केळीच्या खांबाला टेकून खूप रडले. त्यांच्यासाठी रडले, माझ्यासाठी रडले, आणि शेवटी तुझ्या नावाने बोटं मोडली. मग भूक लागली आणि जेवले.

आज एकतिसावी सुई झाली. रोज सकाळी माझा भाऊ गाडीवर जळगावला नेतो. दंडावर गाठी आहेत, हात लावला की ठणकतात. तुझं ते सोड-सोडू नको लताने पाटीवर लिहून काढलंय. ‘सुई सोडायची नाही’ एवढंच तिला अक्षरं लावून वाचता येतं, आणि दिवसभर तेच म्हणते. ती घरात तिच्या मामीजवळ झोपते, मी इथे बागेत. दारातून आम्ही दोघी एकमेकींना बघतो. ती विचारत नाही, आई रागावली का. आता तिला कळतं.

सुई घेऊन आले की केळीत उभी राहते. हो, मीही करते. मजा बघ, कोणी शिकवलं नाही. चार महिने भाकऱ्या थापता थापता अंगणात बघत होते, तेवढ्यावर आलं. पहिल्या दिवशी हात उचलला आणि वाटलं, याच हाताने त्यांचा जीव नेला. पण श्वास खाली उतरला, आणि किती दिवसांनी पाठ सैल झाली रे. त्या रात्री झोपले. म्हणून करते. दोन्ही करते.

तुझ्यावरचा राग गेला का, ते विचारू नकोस. काही दिवस असतो, काही दिवस नसतो. तो मी धरून ठेवलेला नाही, एवढं खरं. माया सोडायला सांगतोस, ती तर सोडायची म्हटली तरी सुटत नाही. नाक पुसलंय तुझं.

एक अडचण आहे. तो शेवटचा हात. तुझे भाऊ तिथे येऊन थांबायचे आणि म्हणायचे, हा निंबाचा. मीही तिथेच थांबते, आणि हात तसेच अर्धे ठेवून घरात येते. रोज काहीतरी उघडं राहिल्यासारखं वाटतं. तो कागदावर येत नाही म्हणालास, तर कागदावर नको. सुट्टी काढ आणि ये. हात वर जात नाहीत म्हणतोस, इथे आल्यावर जातील, नाही गेले तर मी धरून वर करीन.

मात्र सकाळच्या गाडीने ये. आधी सुई टोच, मग हात शिकव.

वहिनी